हरिहर शेवड्यांच्या फियाटचे मागचे दिवे

हरिहर शेवड्यांना विजेतलं सगळं कळतं, असं रत्नागिरीत निदान एका माणसाचं तरी ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे हरिहर शेवडे. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून काढली. निवृत्त झाल्यावरही आळीत कोणाकडे दिवे गेले की शेवडे पायात चपला सरकवून पडवीत उभे. बोलावणं यायच्या आधीच. पुष्कळदा बोलावणं यायचंच नाही. वायरमन परस्पर येऊन जायचा आणि शेवडे चपला काढून पुन्हा झोपाळ्यावर बसायचे. अशा वेळी ते मनातल्या मनात स्वतःला खात्याच्या भाषेत पत्र लिहीत. ‘श्री. शेवडे यांस कळविण्यात येते की, आपल्या सेवेची तूर्त आवश्यकता नाही.’ जन्मभर असलीच पत्रं वाचल्यामुळे त्यांना स्वतःला हसायलाही तीच भाषा लागायची.

त्यांच्याकडे फियाट होती, शहाऐंशी सालची, रंगाने कधीकाळी हस्तिदंती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिचे पत्रे पापडासारखे झाले होते, आणि घरापुढच्या खळ्यातून बाहेर काढताना ती अशी कण्हायची की कुंपणाच्या गडग्यावरची मांजरं उठून जायची. मुलगा सलिल मुंबईहून दर फोनला सांगायचा, बाबा, विका ती. शेवडे म्हणायचे, विकतो, गिऱ्हाईक बघतो. गिऱ्हाईक ते कधीच बघत नव्हते.

ह्याचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. घरात कुसुमताई स्वयंपाकघरात आणि शेवडे पडवीत, मधे अख्खं माजघर. दिवसभरात नवराबायकोचं बोलणं म्हणजे “चहा ठेवलाय” आणि “आलो”. पण गाडीत शेजारी बसल्या की कुसुमताईंचं तोंड सुटायचं. मारुती मंदिर सोडलं की आळीतली भांडणं, कुवारबावला माहेरची माणसं, आणि हातखंब्याला हायवे लागला की थेट स्वतःच्या लहानपणात. एकदा तर चिपळूणपर्यंत त्या नुसत्या एका लग्नातल्या जिलब्यांबद्दल बोलल्या होत्या. शेवडे मान डोलवत गिअर टाकायचे. ती शेजारची सीट आणि तिच्यावर बसलेली बाई, एवढ्यासाठी ते त्या कण्हणाऱ्या डब्यात पेट्रोल ओतत होते. बायकोला हे सांगायचं म्हणजे फार झालं असतं.

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत ती सीट रिकामी झाली. संगमेश्वराहून परतताना, नुकतं अंधारून आलेलं, निवळीच्या घाटात शेवड्यांनी म्हशीसाठी ब्रेक दाबला आणि पाठीमागून एक ट्रक किंचाळत हातभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो वाकून फियाटच्या पाठीकडे बघत राहिला.

“आजोबा, मागे दिवा लावला असता तर बरं झालं असतं.”

“लावलाय की,” शेवडे म्हणाले. “ब्रेकचासुद्धा लागतो.”

ड्रायव्हरने आणखी वाकून बघितलं. “हा दिवा आहे होय? मला वाटलं कोणी उदबत्ती खोचलीय.”

घरापर्यंत कुसुमताई एक अक्षर बोलल्या नाहीत. खळ्यात उतरल्यावर म्हणाल्या, “ह्या गाडीत मी आता बसणार नाही. मागच्याला आपण दिसत नाही, आणि तुम्हाला ते माहीत नाही. दोन्ही एकदम झालं की माणूस मरतो.”

तसं शेवड्यांना माहीत होतं. दिव्यांच्या आतली चकाकी खाऱ्या हवेने केव्हाच गेली होती. मागे एकदा त्यांनी जास्त ताकदीचे बल्ब घालून बघितले होते, तर लाल प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलं होतं आणि गाडी महिनाभर पान खाल्ल्यासारखी दिसत होती.

चारच दिवसांनी अलोऱ्याहून जावयांचा फोन आला. ऋजुताला दुसरी मुलगी झाली, बारसं बाराव्या दिवशी, तिथेच कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. कुसुमताईंनी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि सांगून टाकलं, “मी एसटीने जाईन. चिपळूणला बदलायची, की झालं.”

शेवड्यांनी पुढचा हिशेब केला. एकदा ही बाई एसटीने सुखरूप गेली आणि खिडकीशी बसून कोणा परक्या बाईला जिलब्यांची गोष्ट सांगून आली, की गाडीचं काम संपलं. पुढच्या फोनला सलिलला खरोखरच गिऱ्हाईक बघायला सांगावं लागणार.

“बारशापर्यंत दिवे नीट करतो,” ते म्हणाले. “शंभर पावलांवरून दिसतील असे. मग बसशील?”

“मागे उभी राहून मी स्वतः बघेन. मला पटलं तर बसेन.”

हातखंब्याला उभ्या असलेल्या एका कोऱ्या ट्रकच्या मागे शेवड्यांनी बारक्या बारक्या लाल दाण्यांचे दिवे बघून ठेवले होते. एलईडी. वीज थोडी, उजेड लख्ख, आणि उष्णता जवळजवळ नाही, म्हणजे प्लॅस्टिक वितळायची भीती नाही. गाडीत बसतील असे तयार बल्ब तेव्हा रत्नागिरीत मिळत नव्हते. शेवडे मनातून खूश झाले. मिळत नाही म्हणजे करायला वाव. सलिलने मुंबईच्या बाजारातून सुटे दाणे घेतले आणि पाकीट लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे दिलं.

शेवड्यांनी पडवीत टेबल मांडलं. जुन्या बल्बची काच फोडायची, खालची पितळी टोपी तेवढी ठेवायची, आणि तिच्यावर छोट्या पट्टीत बारा दाणे डाख देऊन बसवायचे. एलईडीचं एक असतं, त्यात वीज एकाच दिशेने जाते. साधा बल्ब कसाही जोडा, पेटतो. ह्यात धन टोक आणि ऋण टोक उलटसुलट झालं की दाणा मेल्यासारखा गप्प. हे शेवड्यांना अर्थात ठाऊक होतं. त्यांनी प्रत्येक दाणा तपासून लावला. मग स्कूटरच्या जुन्या बॅटरीला दोन चिमटे जोडले, एक टोपीच्या अंगाला, एक खालच्या टोकाला. पडवीभर लाल उजेड पडला. कुसुमताई ताकाचं भांडं हातात घेऊन दारात आल्या आणि नाही म्हटलं तरी डोळे बारीक करून मागे सरकल्या.

“चांगला लागलाय हो,” त्या म्हणाल्या.

लग्नाच्या इतक्या वर्षांत शेवड्यांनी एवढी स्तुती ऐकली नव्हती. ‘श्री. शेवडे यांच्या कामगिरीची नोंद घेण्यात येत आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दिवे गाडीत बसवले. शेवडे आत, कुसुमताई मागे.

“ब्रेक दाबलाय. लागला?”

“कुठचा?”

“लाल.”

“दोन्ही लालच आहेत.”

“अगो, पण लागला का?”

“लागला तर सांगेन की. लपवून काय करू?”

लागला नव्हता. डावा नाही, उजवा नाही. शेवड्यांनी दिवे काढले, टेबलावर नेले, चिमटे लावले. लखलखाट. पुन्हा गाडीत. अंधार. जुना काचेचा बल्ब घातला, तर तो आपला उदबत्तीसारखा पेटला. म्हणजे गाडीतल्या तारा शाबूत. आणि दिवाही शाबूत. दोघं चांगले, फक्त एकत्र नांदत नव्हते.

“टेबलावर हसतो आणि गाडीत गप्प,” कुसुमताई म्हणाल्या. “तुमच्या पुतणीसारखा, चिमासारखा. माहेरी खिदळते आणि सासरी तोंडाला कुलूप.”

“चिमाचं काय आलं ह्यात?”

“काही नाही. तिचं सासर वाईट नाही आणि तीही वाईट नाही, एवढंच म्हणते.”

पुढचे चार दिवस शेवड्यांनी गाडीच्या पाठीशी मांडी घालून काढले. आधी दिव्याची बैठक पॉलिशपेपरने घासली, कारण खाऱ्या हवेने गंज चढला असणार. गंज होता, तो गेला, दिवा लागला नाही. मग डिकीतून नवी तार ओढली. फ्यूज बदलला. ब्रेकच्या पेडलखालचं बटण काढून साफ केलं आणि परत बसवताना एक स्प्रिंग उडून कुठे गेली ती गेली. ती शोधण्यात एक अख्खी दुपार. रस्त्याने जाणारी मालन कोळीण टोपली डोक्यावर घेऊन थांबायची, पत्र्याखालून बाहेर आलेले त्यांचे पाय बघायची आणि गडग्यावरून विचारायची, “काका, बरे आहात ना?”

“बरा आहे. दिवा बघतोय.”

“घरात बघा जरा. घरात उजेड बरा असतो.”

पाचव्या दिवशी शेवड्यांना दुसरं कोणीतरी दोषी हवं होतं. ते जेवताना म्हणाले, “मालच खोटा दिलाय त्या मुंबईच्या दुकानदाराने. टेबलावर दोन मिनिटं लागतो, पण गाडीचा भार त्याला सोसत नाही.”

कुसुमताईंनी भात वाढता वाढता त्यांच्याकडे एकदा बघितलं. “असं असतं?”

“असतं,” शेवडे म्हणाले. बोलताना त्यांचं त्यांनाच ऐकू आलं की ह्याला काही अर्थ नाही. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? सलिलला फोन झाला. सलिलने अर्धा दिवस रजा टाकली, दुकानदाराशी भांडला, आणि दुसरं पाकीट बसने पाठवलं. नवे दाणे, नवे डाख, टेबलावर नवा लखलखाट. गाडीत तोच जुना अंधार.

बारशाला दोन दिवस उरले. कुसुमताईंनी एसटीचं वेळापत्रक काढून चहाच्या डबीखाली ठेवलं होतं, मुद्दाम दिसेल असं.

त्या दुपारी शेवड्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली, दुसऱ्याला विचारायला गेले. मिरजोळ्याला एमआयडीसीत गुरुप्रसाद नावाच्या मुलाचं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं दुकान होतं. हा गुरुप्रसाद म्हणजे रामाचा मुलगा, आणि रामा म्हणजे शेवड्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं खांबांवर चढलेला लाइनमन. त्यामुळे शेवडे आजवर त्या दुकानावरून गाडीचा वेग वाढवून जात असत.

गुरुप्रसाद हातखंब्याला बंद पडलेल्या टेम्पोवर गेला होता. दुकानात स्टुलावर रामा एकटाच बसला होता, हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तसा.

“सायब? तुमी हितं?” रामा उठला. “बसा. पोरगा येल तासाभरात. मला हात लावायचा नाय कशाला.”

“का रे?”

“हाय एक कारन. तुमी बोला, काय बिगाडलाय?”

शेवड्यांनी खिशातून दिवा काढला आणि सगळी कहाणी सांगितली. घासलेली बैठक, ओढलेली तार, उडालेली स्प्रिंग, मुंबईचा लबाड दुकानदार. रामाने दिवा उलटापालटा करून बघितला. पितळी टोपीला आतून लावलेली तार नखाने दाखवली.

“अंगाला कंचा जोडलात? प्लस?”

“मग? अंग म्हणजे अर्थिंग. अर्थिंगला प्लसच असतो.”

“कुटं?”

“कुठे म्हणजे? एक्स्चेंजमध्ये, केबलमध्ये, सगळ्या…” शेवडे म्हणाले आणि तिथेच थांबले.

रामाने दारात उभ्या केलेल्या फियाटचं बॉनेट उघडलं आणि बॅटरीकडे नुसतं बोट केलं. बॅटरीच्या उणे टोकाला जाड काळा पट्टा होता आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला घट्ट आवळलेलं होतं. तो पट्टा शेवड्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा बदलला होता.

टेलिफोन खात्यात जमिनीला धन टोक जोडतात. जमिनीत पुरलेल्या केबलचं तांबं ओलाव्याने कुजू नये म्हणून ती रीत आहे, आणि शेवड्यांनी ती शेकडो नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवली होती. बाकी सगळ्या जगात, त्यांच्या स्वतःच्या फियाटसकट, पत्र्याला ऋण टोक असतं. त्यांनी बारा-बारा दाणे जिवापाड जपून, तपासून, एकूण एक उलटे बसवले होते. आणि टेबलावर चिमटे लावताना त्याच सवयीने धन चिमटा अंगालाच लावत होते, त्यामुळे टेबलावर दिवा लागत होता. चूक करणारा शेवडे आणि चूक तपासणारा शेवडे एकाच खात्यातले.

“मी हितं पयल्याच आटवड्यात एका जीपची ब्याटरी उलटी लावली,” रामा खाली बघत म्हणाला. “टेप जळाला, आणिक काय काय जळाला. तवापासून पोरगा बोल्ला, बाबा, तुमी नुसते बसा. मी त्येला सांगितला, आमाला शेवडेसायबांनी शिकवलाय, प्लस जमिनीला. त्यो बोल्ला, मंग त्यांची गाडी कशी चालते?”

शेवडे हसू लागले. हसता हसता त्यांना स्टुलावर बसावं लागलं, आणि रामाही तोंडावर हात ठेवून हसायला लागला. ‘श्री. शेवडे यांस कळविण्यात येते की, आपल्या मार्गदर्शनाखाली एक जीप जळाली.’

गुरुप्रसादच्या डाखणीने शेवड्यांनी तिथेच एक दिवा उलटा करून सुलटा केला. बसवला. शेवड्यांनी ब्रेक दाबला आणि समोरच्या कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन तोंड फिरवून उभा राहिला. वळायच्या दिव्यांनाही शेवड्यांनी पिवळे दाणे करून ठेवले होते, तेही सुलटे करून बघितले. पण ते लागले की लागलेच राहायचे, लुकलुकायचे नाहीत. ते रामाला माहीत होतं. लुकलुक करणाऱ्या डबीला आत तापायला भरपूर वीज लागते, आणि हे दाणे पितात थेंबभर. डबी तापत नाही, टिकटिक होत नाही. “त्ये जुनेच ऱ्हाऊद्या, सायब,” तो म्हणाला, आणि शेवड्यांनी ऐकलं. एका दिवसात दोनदा.

घरी येईपर्यंत संध्याकाळचे पाच झाले होते. दुसरा दिवाही सुलटा करून बसवला. कुसुमताई मागे उभ्या राहिल्या, मग चालत चालत थेट आळीच्या तोंडाशी गेल्या आणि तिथून हात हलवला. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“दिसतात,” त्या म्हणाल्या. “म्हणजे दुसऱ्या पाकिटातला माल चांगला निघाला.”

शेवड्यांच्या समोर रस्ता मोकळा झाला होता. नुसतं हूं म्हणायचं. परवा सकाळी ती शेजारी बसणार, हातखंबा ओलांडणार, बोलायला लागणार. दुकानदार मुंबईचा, त्याला कोण विचारायला जातंय?

“हूं,” ते म्हणाले.

“बरं,” कुसुमताई म्हणाल्या आणि आत गेल्या. माजघरातून त्यांचा आवाज आला, “मग सलिलला सांगते, त्या दुकानदाराला आता सोडू नकोस म्हणून. खोटा माल विकतो म्हणजे काय?” फोनचा रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. तो आवाज शेवड्यांना चौतीस वर्षं ऐकून कुठल्याही आवाजातून ओळखू यायचा.

ते आत गेले आणि फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं.

“माल चांगलाच होता. पहिलासुद्धा.” मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. धन टोक, ऋण टोक, काळा पट्टा, टेबलावरचे चिमटे, रामा आणि जीप. मधे कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढचं राहिलं असतं. “मी उलटे लावले होते. सगळे. दोनदा. आणि तुला सांगितलं माल खोटा.”

कुसुमताईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

“ते मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“माल खोटा नाही ते. पडवीत लागला होता, मी ताकाचं भांडं घेऊन उभी होते की. जो दिवा तिथे लागतो तो खोटा कसा? आता मी माल चांगला निघाला म्हटलं आणि तुम्ही हूं म्हणालात, तेव्हाच मी ठरवलं, परवा एसटी. दिवे आज का लागले ते गाडी चालवणाऱ्यालाच कळलेलं नाही, तर ते घाटात विझणार नाहीत कशावरून?”

“मग आता?” शेवड्यांनी विचारलं.

“आता कळलं ना, का लागत नव्हते ते. आता बसेन.” त्या स्वयंपाकघराकडे वळल्या आणि दारातून म्हणाल्या, “सलिलची अर्धी रजा फुकट घालवलीत, ते मात्र तुम्ही स्वतः सांगा. आणि त्या दुकानदाराला एक पत्र टाका.”

शेवड्यांनी दोन्ही केलं. सलिल फोनवर इतका वेळ हसला की शेवड्यांना वाटलं लाइन खराब झाली. दुकानदाराला पत्र लिहायला बसले, तेव्हा खात्याची भाषा हाताला येईना. शेवटी साधंच लिहिलं, की तुमचे दाणे उत्तम आहेत, चूक माझी होती, मुलगा बोलला त्याबद्दल राग मानू नये.

बारशाच्या दिवशी सकाळी कुसुमताई मांडीवर बाळंतविड्याची पिशवी घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या. मारुती मंदिर गेलं, बोलल्या नाहीत. कुवारबाव गेलं. शेवड्यांनी विचारायचं म्हणून काही विचारलं नाही. हातखंब्याला हायवे लागला, आणि एका एसटीने पुढे अचानक माणसं उतरवली म्हणून त्यांना ब्रेक दाबावा लागला. कुसुमताई अख्ख्या मागे वळल्या. मागचा टँकर बऱ्याच अंतरावर थांबला होता.

त्या पुढे वळून बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, आणि पदर सारखा केला.

“तो रामा,” त्या म्हणाल्या, “त्याची बायको तुळसा तुम्हाला आठवते का? आपल्या ऋजुताच्या बारशाला आली होती, आणि तिने काय केलं होतं माहीत आहे…”

शेवड्यांना सगळं आठवत होतं. “नाही बुवा,” ते म्हणाले, “काय केलं होतं?” आणि चाळीसच्या पुढे गेलेला काटा त्यांनी हळूच पस्तिशीवर आणला.

मागून हॉर्न वाजला.

“तो टँकर घाईत आहे,” कुसुमताई म्हणाल्या.

“जाऊ दे त्याला पुढे,” शेवडे म्हणाले, आणि हात बाहेर काढून त्याला वाट दिली.